टीएनजीचा फुकट डेटा: वजनदार पण आटोपशीर गॅलेक्सी शोधणाऱ्यांसाठी

इलस्ट्रिस टीएनजी हे संगणकात विश्व घडवून गॅलेक्सी कशा वाढतात ते दाखवणारं सिम्युलेशन, त्याचा डेटा कुणालाही फुकट मिळतो, रजिस्टर करायचं आणि सुरू. त्यात टीएनजी 50, 100 आणि 300 असे लहान-मोठे तीन बॉक्स, म्हणजे विश्वाचे घनाकार तुकडे आहेत. टीएनजी 100 चा एकेक पूर्ण स्नॅपशॉट (एका क्षणाची सगळी नोंद) 1.7 टेराबाइटचा आहे, तो घरच्या नेटवरून उतरवायच्या फंदात पडू नका, विनंती केली की त्यांच्याच सर्व्हरवर ज्युपिटर (ब्राउझरमध्येच कोड चालवायची सोय) देतात, सगळ्या फाइल तिथेच असतात. हे भारीच आहे.

मला बघायच्या होत्या रेडशिफ्ट 2 च्या, म्हणजे सुमारे 1,000 कोटी वर्षांपूर्वीच्या गॅलेक्सी, वस्तुमान सूर्याच्या 10,000 कोटी पट आणि त्रिज्या जेमतेम 1-2 किलोपार्सेक (एक म्हणजे सुमारे 3,260 प्रकाशवर्षं), एकदम ठासून भरलेल्या. आता बॉक्स कुठला घ्यायचा इथेच खरी गोची आहे. टीएनजी 300 मध्ये वजनदार गॅलेक्सी पोत्याने मिळतात, पण त्या काळात तिथलं ताऱ्यांचं सॉफ्टनिंगच (ज्या अंतराखाली गुरुत्वाकर्षण मुद्दाम सौम्य केलेलं असतं ते) सुमारे 1 किलोपार्सेक, म्हणजे त्याच्या आसपासच्या आकारावर भरवसा ठेवायचा तरी कसा? टीएनजी 50 मध्ये ते 0.2 च्या आसपास, बारकावे मस्त दिसतात, पण बॉक्स इतका लहान की असले नमुने हाताच्या बोटांवर. शेवटी टीएनजी 100 च बरं, तिथे साधारण 0.5 आहे, तरी 1 च्या खालच्या त्रिज्या मी तरी सोडूनच देतो.

आणि कॅटलॉगमधली त्रिज्या सरळ उचलून पेपरमधल्या आकड्याशेजारी मांडू नका राव! ती को-मूव्हिंग (विश्वाचं प्रसरण वगळून मोजलेले) किलोपार्सेक भागिले एच (हबल स्थिरांकाचा आकडा, इथे 0.6774) अशी असते, रेडशिफ्ट 2 ला आधी 3 ने भागा, मग 0.6774 ने. वर ती त्रिमितीतली, निम्म्या वस्तुमानाची, आणि दुर्बिणीला दिसतो तो सपाट पडलेला प्रकाश. आजच्या क्लस्टरमधल्या मधल्या गॅलेक्सीत तर भोवती विखुरलेले तारेही धरलेले असतात त्यामुळे आकार उगाच फुगतो. डॉक्युमेंटेशनमध्ये हे सगळं आहे, पण वाचतो कोण.

सगळ्यात आवडलं ते मर्जर ट्री, म्हणजे कुठली गॅलेक्सी कुठल्या गॅलेक्सींतून बनली याची वंशावळ. एखादी गॅलेक्सी अशी घट्ट का झाली, गॅसने भरलेल्या टकरीत सगळा गॅस केंद्रात जाऊन तिथे तारे बनले की मुळात ती फार लवकर घडली, हे मागे जाऊन बघता येतं, आणि पुढे तिचं काय झालं तेही. काही मोठ्या गॅलेक्सीच्या पोटात जातात, काही आपल्या एनजीसी 1277 या खऱ्या गॅलेक्सीसारख्या तशाच राहतात.

जुन्या इलस्ट्रिसमध्ये लहान-मध्यम गॅलेक्सी जवळपास दुप्पट मोठ्या यायच्या, ते इथे बरंच सुधारलंय, त्यामुळे नवीन काम असेल तर सरळ टीएनजीच घ्या. आणि हो, सबहॅलो फ्लॅग (कॅटलॉगमधली खऱ्या गॅलेक्सी ओळखायची खूण) लावायला विसरू नका, नाहीतर गॅलेक्सी नसलेले गोळेही यादीत घुसतात.