मिरचीच्या बरणीसाठी कोणता एअरलॉक? हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

नंदुरबारच्या बाजारात हिवाळ्यात ओल्या लाल मिरचीची मोठी आवक होते आणि त्यातील बहुतेक मिरची पथारीवर वाळण्यासाठी जाते. आमच्या घरी त्यातील काही मिरची न वाळवता मीठ घालून आंबवली जाते आणि तिचा सॉस वर्षभर भरीत-भाकरीबरोबर पुरतो. या कामासाठी यंदा बिअर आंबवण्यासाठी मिळणारे एअरलॉक, म्हणजे झाकणाच्या बुचात बसणाऱ्या छोट्या एकेरी झडपा, मागवले. एस आकाराचा, तीन भागांचा आणि बिनपाण्याचा सिलिकॉनचा असे तिन्ही प्रकार एकाच खोलीत, सारख्याच बरण्यांवर वापरून पाहिल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे.

एअरलॉकचे काम एवढेच की आतील कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा आणि बाहेरची हवा आत येऊ नये; पहिल्या दोन प्रकारांत ही हवा अडवते ते त्यात भरलेले थोडे पाणी. मिरची आंबवणाऱ्या लॅक्टिक जिवाणूंना ऑक्सिजनची गरज नसते, परंतु बुरशीला आणि पृष्ठभागावर पांढरा थर धरणाऱ्या यीस्टला ती असते. कापडाचा दादरा बांधलेल्या बरणीत हवा सतत खेळत राहते, त्यामुळे लोणच्याइतके तेल आणि मीठ नसलेल्या मिरचीला तो पुरेसा पडत नाही. मी मिरचीच्या वजनाच्या ३ टक्के मीठ घेतो, म्हणजे किलोला ३० ग्रॅम. इतक्या कमी मिठावर बरणीचे तोंड नीट बंद असणे फार महत्त्वाचे ठरते.

एअरलॉक निवडण्याविषयीचे बहुतेक सल्ले बिअर करणाऱ्यांचे असतात आणि ते १८ ते २२ अंशांच्या स्थिर तापमानाची खोली गृहीत धरतात. खानदेशातील घरात असे तापमान क्वचितच टिकते. हिवाळ्यात आमच्या पत्र्याच्या छताच्या खोलीत दुपारी २८ अंश आणि पहाटे १६ अंश असा फरक सहज पडतो. एवढ्या फरकाने बंद जागेतील वायू सुमारे ४ टक्क्यांनी आकसतो. मिरचीचा लगदा सुरुवातीच्या दिवसांत फुगून वर येत असल्यामुळे दोन लिटरच्या बरणीत अर्धा लिटर जागा मोकळी ठेवावीच लागते, म्हणजे रात्रीतून सुमारे २० मिलिलिटर वायूची तूट निर्माण होते. वायू जोरात तयार होत असतो तोपर्यंत ही तूट भरून निघते. तो जोर ओसरला की बरणी बाहेरची हवा आत ओढू लागते, आणि तेथेच एअरलॉकची खरी परीक्षा होते.

तीन भागांच्या एअरलॉकमध्ये (मधोमध नळी असलेले पाण्याचे भांडे, नळीवरची पालथी टोपी आणि वरचे झाकण) अशा वेळी आतल्या टोपीखालील पाणी वर चढते आणि मधल्या नळीतून थेट मिरचीवर पडते. हे पाणी थोडे असले, तरी ते नेमके वरच्या थरातील मीठ पातळ करते, आणि बुरशी धरण्याची शक्यता सर्वांत जास्त त्याच थरात असते. एस आकाराच्या, म्हणजे वळलेल्या नळीला दोन फुगे असलेल्या एअरलॉकमध्ये मात्र खुणेपर्यंतच पाणी भरले असेल, तर ओढ उलटी झाल्यावर पाणी एका फुग्यातून दुसऱ्या फुग्यात सरकते आणि बाहेरची थोडी हवा बुडबुड्याने आत जाते. पाणी आत पडत नाही. थोडी हवा जाणेही आदर्श नव्हे, परंतु पाणी पडण्यापेक्षा ते मला कितीतरी बरे वाटते. शिवाय दोन्ही फुग्यांतील पातळी पाहून दाब आत जास्त आहे की बाहेर, हे झाकण न उघडता कळते.

आता तीन भागांच्या प्रकाराची बाजूही सांगितली पाहिजे, कारण पहिल्या आठवड्यात मी आजही तोच लावतो. त्या काळात फेस, बिया आणि मिरचीची साल नळीपर्यंत येतात. एसच्या वळणात एकदा बी अडकले की ब्रश आत पोहोचत नाही, आणि उकळते पाणी ओतावे तर प्लॅस्टिक वाकण्याची किंवा तडकण्याची भीती असते. तीन भागांचा एअरलॉक उघडून, कोमट पाण्याने धुऊन लगेच परत बसवता येतो. म्हणून फेस ओसरेपर्यंत तीन भागांचा आणि त्यानंतर महिनोन्महिने मुरण्यासाठी एस आकाराचा, अशी व्यवस्था मी कायम केली आहे. दोघांची दांडी एकाच रबरी बुचात बसते, त्यामुळे बदल करायला क्षणभरच लागतो. सिलिकॉनच्या झडपेत पाणी आटण्याचा प्रश्न नाही, परंतु तिच्या चिरेत बी अडकले की ती उघडीच राहते आणि बाहेरून ते लक्षातही येत नाही. मिरचीसाठी मी ती सुचवणार नाही.

उन्हाळ्यात वेगळाच प्रश्न येतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, आमच्याकडेही कोरडी झळ असते, आणि एअरलॉकमधील साधे पाणी काही दिवसांतच आटून वळण उघडे पडते. मिठाचे पाणी भरले तर तेही आटते आणि खड्यांचा थर मागे राहतो. यावर मला सर्वांत उपयोगी पडले ते खाण्यायोग्य प्रतीचे ग्लिसरीन: तीन भाग ग्लिसरीन आणि एक भाग उकळून गार केलेले पाणी. ग्लिसरीन जवळजवळ उडत नाही, आणि चुकून थेंब आत गेला तरी अपाय होत नाही. ते हवेतील ओलावा शोषत असल्यामुळे पावसाळा लागल्यावर पातळी किंचित वर चढते; तेव्हा ती पाहून खुणेपर्यंत आणावी, नाहीतर एसचा उलट्या ओढीतील फायदा निघून जातो.

बुडबुडे थांबले म्हणजे मिरची तयार झाली, असे मात्र समजू नये. सुरुवातीला काम करणारे ल्युकोनोस्टॉक जिवाणू वायू सोडतात, तर नंतर जोर धरणारे लॅक्टोबॅसिलस प्लँटारम प्रामुख्याने आम्लच तयार करतात, त्यामुळे बरणी शांत दिसत असतानाही आंबट होत असते. उलट बूच नीट बसले नसेल, तर वायू कडेने निसटतो आणि जोरात आंबणाऱ्या बरणीवरही बुडबुडा दिसत नाही. बिअर करणारेदेखील बुडबुड्यांवर न थांबता हायड्रोमीटरने घनता मोजतात. मिरचीसाठी आंबटपणा मोजणारी पीएच पट्टी वापरावी; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. ४.६ ही सुरक्षिततेची वरची मर्यादा आहे, आणि मी ४ च्या खाली आल्याशिवाय बरणी उघडून मिरची वाटायला घेत नाही.

हे एअरलॉक बिअरचे साहित्य म्हणून विकले जात असले, तरी महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे; भाज्या आणि मिरची आंबवण्याला ती अडचण नाही. विकत घेताना एस आकाराच्या प्रकारात दोन्ही फुग्यांवर भरण्याची खूण स्पष्ट आहे ना, हे पाहावे, आणि बूच बरणीच्या झाकणाच्या छिद्राच्या मापाचे घ्यावे, कारण बूच सैल असेल तर एअरलॉक कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही.