काटा घ्यावा की कपांचा संच?

भाचीनं पुण्यात नवीन बिऱ्हाड मांडलंय. पुरणाचं प्रमाण विचारलं तेव्हा मी म्हटलं, "चार वाट्या हरभऱ्याची डाळ, चार वाट्या गूळ." तर म्हणे, "मावशी, कोणती वाटी?" बरोबर होतं तिचं. आमच्या परभणीच्या घरातच लहान वाटी 100 मिलीची आणि मोठी 200 ची आहे. मग तिनं विचारलं, कपांचा संच घेऊ की वजनकाटा?

मापानं मोजणं आपल्याकडं जुनंच. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. धान्याला हे चालतं, कारण दाणा दाबला जात नाही. पण तीच पायलीभर ज्वारी दळून आणा. नेलेल्या डब्यात पीठ मावत नाही, गिरणीच्या काट्यावर मात्र वजन जवळपास तेवढंच. डबा दोनदा आपटला की पीठ खाली बसतं. सगळा घोळ एवढाच आहे.

बाजारातला कप बहुधा 240 मिलीचा असतो, काही 250 चे. 240 च्या कपात पाणी 240 ग्रॅम, तेल साधारण 220, साखर 200, तांदूळ किंवा डाळ 190 ते 200. यात फारशी चूक होत नाही. कणीक मात्र चमच्यानं हलकी भरली तर 120 ग्रॅमच्या आसपास, पिठात कप खुपसून दाबून काढली तर 150. गुळाचं तर त्याहून वाईट. चिरून सैल भरला आणि अंगठ्यानं दाबला, यात वाटीमागं 40-50 ग्रॅमचा फरक सहज पडतो. चार वाट्यांचं पुरण गोडमिट्ट का झालं, याचं उत्तर बऱ्याचदा इथंच असतं.

म्हणून पीठ, गूळ, बेसन यांना काटा. काळ्या मसाल्याला तर काट्याशिवाय गत्यंतर नाही. वाळल्या मिरच्यांनी कप भरायचा तरी कसा? आईच्या वहीत दगडफूल तोळ्यात लिहिलंय. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, 12 धरला तरी मसाला बिघडत नाही. तेलाचं एक ध्यानात ठेवा: लिटरच्या पिशवीवर 910 ग्रॅम छापलेलं असतं. कृतीत किलोभर तेल असेल तर एक पिशवी पुरत नाही.

काटा सगळीकडं कामाचा नाही. भाताला एकास दोन पाणी, तिथं एकच वाटी दोन्हीला वापरली की ग्रॅमचा प्रश्नच नाही. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता; त्याला चुरमुरे तोलत बसणारा माणूस मी तरी पाहिला नाही. आणि चिमूटभर सोडा काट्यावर टाकून बघा: घरगुती काटा एकेक ग्रॅमनं पुढं सरकतो, दोन-तीन ग्रॅमचा भरवसा देत नाही. तिथं 5 मिलीचा चहाचा चमचाच बरा. बारीक मीठ सपाट भरलं तर त्यात साधारण 6 ग्रॅम बसतं.

एकच घ्यायचं असेल तर मी काटा म्हणेन. तो आला की घरातली वाटीच कप होते. रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. वाटी 150 ची निघाली तर कपाचे आकडे 150 नं गुणून 240 नं भागा. साखर 125 ग्रॅम येईल. आकडा वाटीच्या बुडाशी रंगानं लिहून ठेवा. काटा 5 किलोपर्यंतचा घ्या, कारण परातीसकट कणीक तोलावी लागते, आणि त्याचे सेल डब्यात जास्तीचे ठेवा. दिवाळीच्या आदल्या रात्री ते नेमके संपतात. चमच्यांचा छोटा संच वेगळा मिळाला तर तेवढा आणा, कप राहू द्या.