जकात कॅल्क्युलेटर: आकडा बरोबर येतो का आणि पैसे पोहोचतात का?

रमजान जवळ आला की जकातीचा, म्हणजे ठरावीक मर्यादेवर संपत्ती असलेल्या मुसलमानाने दरवर्षी गरिबांना द्यायच्या अडीच टक्क्यांचा, हिशेब करून देणाऱ्या कॅल्क्युलेटरच्या लिंका मोबाइलवर फिरायला लागतात. सोनं, चांदी, रोकड, कर्ज भरायचं, खाली आकडा येतो आणि त्याखाली पैसे भरायचं बटण. ज्यांच्याकडे बँकेतली शिल्लक सोडून दुसरं फारसं काही नाही, त्यांनी ही सोय खुशाल वापरावी. घरात दागिने असतील, डोक्यावर गृहकर्ज असेल किंवा दुकानात माल असेल, तर मात्र यातले बरेच कॅल्क्युलेटर नेमका जो प्रश्न विचारायला हवा तोच विचारत नाहीत. पाचपैकी तीन गुण, त्याहून जास्त नाहीत.

इथे इतकं काटेकोर का व्हायचं? कुरआनात ईमान (श्रद्धा) आणणाऱ्यांच्या उल्लेखाला लागूनच अनेक वेळा नेक अमल (चांगली कृती) करणारे येतात. सूरह (अध्याय) बकराच्या २७७व्या आयतीत (वचनात) तर त्यांच्या जोडीलाच नमाज कायम करणं आणि जकात देणं आहे. अमल हा ईमानाचाच भाग धरायचा का, यावर उलेमांत (धर्मपंडितांत) जुनी चर्चा आहे. शाफी परंपरा ज्यांच्या नावाची, ते इमाम शाफी तो भाग मानतात. हनफी परंपरा ज्यांच्या नावाची, ते इमाम अबू हनीफा ईमान मनाच्या आणि जिभेच्या ग्वाहीत पाहतात आणि अमल वेगळा धरतात. पण जकात फर्ज (बंधनकारक) आहे, यावर दोघांत तसूभरही फरक नाही. कॅल्क्युलेटरने आकडा कमी दाखवला म्हणून देणं माफ होत नाही. ते अंगावर राहतं, आणि ते गरिबाच्या हक्काचं असतं.

पहिला घोळ तोळ्याचा. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, सोन्यात साडेसात तोळे आणि चांदीत साडेबावन्न तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम आणि ६१२.३६ ग्रॅम. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. आज सराफाकडे तोळा म्हटलं की १० ग्रॅम. जुना तोळा धरणाऱ्या ॲपमध्ये ८० ग्रॅम सोन्यासाठी '८ तोळे' टाइप केलं, तर ते ९३ ग्रॅमच्या वर धरलं जातं आणि नसलेल्या सोन्याची जकात निघते. उलट ॲप १०चा तोळा धरत असेल तर निसाबच ७५ ग्रॅमवर येतो. नेहमी ग्रॅमच भरा. काही ठिकाणी ८५ आणि ५९५ ग्रॅम दिसतील. तोही मान्य हिशेब आहे, पण कोणता वापरलाय ते पानावर लिहिलेलं हवं.

दुसरा घोळ जास्त महागात पडतो. सोनं साडेसात तोळ्यांच्या आत आहे म्हणून 'जकात लागू नाही' असा निकाल देणारे कॅल्क्युलेटर आहेत. हनफी मताप्रमाणे हे तेव्हाच खरं, जेव्हा फक्त सोनं आहे. चांदी, रोकड, व्यापारी माल काहीच नाही. सोन्यासोबत थोडी रोकड असली तरी सगळ्याची किंमत एकत्र करून ती चांदीच्या निसाबाशी ताडायची असते.

उदाहरण घ्या. आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत, भाव त्या दिवशीचा घ्यावा. एका बाईकडे अंगावर वापरायचे २२ कॅरेटचे ४० ग्रॅम दागिने आहेत, ग्रॅमला ९,००० रुपयांनी ३,६०,००० रुपये. बँकेत ५०,०००, किराणावाल्याचं आणि इतर तातडीचं देणं १०,०००. हनफी हिशेबाने निव्वळ रक्कम ४,००,०००. अडीच टक्के म्हणजे १०,००० रुपये जकात. हीच बाई शाफी मसलकाची (धार्मिक विचारपरंपरेची) असेल, तर शाफी मजहबच्या प्रचलित मताप्रमाणे रोजच्या वापरातल्या माफक दागिन्यांवर जकात नाही. देणंही वजा होत नाही, ते का ते पुढे येईल. उरले ५०,०००. चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली तर ती रक्कम निसाबाखाली राहते आणि जकात शून्य. रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफी, घाटावरचे बहुतेक हनफी. लग्नाने दोन्हीकडची माणसं एका घरात येतात. अशा राज्यात मसलक न विचारता आकडा देणारा कॅल्क्युलेटर कामाचा नाही. आम्ही तर हा रकाना आहे की नाही हेच आधी बघायला सांगू.

दागिन्यांचा भाव टाकताना घडणावळ आणि खडे वगळायचे, आणि २२ कॅरेटला २४चा दर लावायचा नाही. दुकानदाराने मालाची आजची विक्रीची किंमत धरावी, खरेदीची नव्हे. फ्रीज, काटा, रॅक यांवर जकात नसते.

कर्जाच्या रकान्यात तीस लाखांचं अख्खं गृहकर्ज टाकलं की कुणाचीही जकात शून्य होते. आजचे अनेक हनफी उलेमा फक्त लगेच देय असलेले हप्ते, किंवा फार तर वर्षभराचे, वजा करू देतात; शाफी मजहबमध्ये प्रबळ मत असं की कर्जामुळे जकात थांबतच नाही. चांगलं ॲप इथे 'या वर्षी देय' असा वेगळा रकाना ठेवतं. बँक शिल्लक भरताना व्याज आधी बाजूला काढा. ते जकातीत मोजायचं नाही आणि जकात म्हणून द्यायचंही नाही. सवाबची (पुण्याची) नियत (मनातला हेतू) न ठेवता गरजूला देऊन टाकायचं.

तारीख हिजरीच (इस्लामी चांद्र वर्षाचीच) लावा. इंग्रजी वर्षाने हिशेब ठेवणाऱ्याचे दरवर्षी साधारण अकरा दिवस वाढतात, म्हणून त्याला दर २.५ऐवजी सुमारे २.५८ टक्के पडतो. ज्या दिवशी निसाब पहिल्यांदा पुरा झाला, तो आपला हिशेबाचा दिवस. रमजानची वाट बघणं बंधनकारक नाही.

आता पैसे भरण्याचा भाग. गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवेचं, शुल्क कशातून कापलं जातं ते पाहा. १०,००० पाठवले आणि गरिबाच्या हाती ९,८०० पडले, तर २०० रुपयांची जकात अजून बाकी आहे. शुल्क वरून भरायचा पर्याय असेल तो घ्या, आपोआप टिक केलेली 'टिप' काढून टाका. जकात, सदका (ऐच्छिक दान) आणि फितरा (ईदच्या आधी द्यायचं दान) यांची खाती वेगळी आहेत का, हे विचारा. हनफी मताने जकातीचा पैसा गरजूच्या मालकीचा व्हावा लागतो, त्यामुळे मशिदीच्या बांधकामाला तो चालत नाही. घेणाऱ्यांचे चेहरे दाखवणारे फोटो पाठवणारी सेवा आम्हाला नापसंत आहे. उपकार बोलून दाखवून आणि दुखवून आपला सदका वाया घालवू नका, असं सूरह बकराच्या २६४व्या आयतीत स्पष्ट सांगितलंय.

नियत कुठल्याच ॲपच्या रकान्यात भरता येत नाही. रक्कम देताना किंवा वेगळी काढताना मनात जकातीची नियत हवी. आणि बटण दाबण्याआधी नात्यात बघा: आईवडील, मुलं, नातवंडं यांना जकात देता येत नाही, पण गरजू बहीण, भाऊ, मावशी, काका यांना देता येते आणि त्यात सदक्यासोबत नातं जपल्याचाही सवाब आहे. त्यांना 'ही जकात आहे' असं सांगायची गरज नाही.