गणितपंक्चर काढून मिळेल

दारव्ह्यात शकुंतला रेल्वेच्या रुळांकडे जाताना लिंबाखाली एक सायकलचं दुकान लागतं. दुकान म्हणजे चार टिनं, पाण्याचं घमेलं आणि वर टांगलेले जुने टायर. बोर्ड नाही. मी इथला नववीपासूनचा गिऱ्हाईक, त्यामुळे लिहिण्यात थोडा पक्षपात धरूनच चाला.

आधी काम सांगतो. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे कोणीही पाहतो. इथे त्यानंतर टायरच्या आतून बोट फिरवतात, सावकाश, पूर्ण गोल. आमच्याकडे धुऱ्यावर वेडी बाभूळ, रस्त्यावर सराटे. काटा आत शिरला की टोक मोडून टायरमध्येच बसतं. ते काढलं नाही तर घरी पोचायच्या आत दुसरं पंक्चर ठरलेलं. दुसरं म्हणजे, सोल्युशन लावल्यावर ते वाळेपर्यंत थांबतात, मगच ठिगळ दाबतात. घाईत ओल्यावरच चिकटवलेलं ठिगळ मे महिन्याच्या उन्हात सरकतं. दुसऱ्या एका ठिकाणी हा अनुभव घेऊन तीन किलोमीटर सायकल ढकलत आलेलो आहे.

पण या दुकानाची खरी ओळख दरात आहे. काट्याच्या पंक्चरचा एक दर, कर्कटकाच्या पंक्चरचा दुप्पट.

१९९६ साली तो दोन रुपये आणि चार रुपये होता. शनिवारी सकाळची शाळा, पहिल्या तासाला गणिताची चाचणी. आजूबाजूच्या खेड्यांतून आम्ही तीस-चाळीस पोट्टे सायकलने यायचो. सोमवार ते शुक्रवार सगळ्यांच्या सायकली ठणठणीत, आणि शनिवारी या लिंबाखाली रांग. कंपासपेटीतलं कर्कटक टायरच्या बाजूने, जिथे रबर पातळ असतं तिथे, टोचायचं. काकाजी ट्यूब उजेडात धरायचे. माझ्या ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पाहून म्हणाले होते, "काऊन बे, बाभळीच्या काट्याले दोन टोकं कवापासून फुटले?" आणि चार रुपये घेतले. माझ्याकडे तीनच होते. चौथा पुढच्या बाजाराच्या दिवशी आठवणीने मागून घेतला.

त्याच सुमारास मराठीच्या बाईंनी महापौर, दिनांक हे सावरकरांनी घडवलेले शब्द म्हणून सांगितले होते. मला वाटलं, आपल्यालाही एखादा जमावा. आधी वहीच्या मागच्या पानावर 'कर्कटपंक्चर' लिहिलं. पण त्यात हत्यार कळतं, वार कळत नाही. मग 'गणितपंक्चर' लिहिलं. दुपारपर्यंत तो शब्द वर्गभर झाला. त्याचं व्याकरणही पोट्ट्यांनीच ठरवलं: गणितपंक्चर 'होतं', ते कोणी 'करत' नाही. "माह्यं गणितपंक्चर झालं" असंच म्हणायचं. 'केलं' म्हटलं की शब्दातली हवाच गेली.

आता तर तो गावात कुठेही चालतो. बँकेचा माणूस वसुलीला यायच्या दिवशी मोटर जळते, लग्नाच्या बैठकीच्या दिवशी नेमकं मामाचं पोट दुखतं, ही सगळी गणितपंक्चरंच. शब्द माझा आहे हे आता कोणी मानत नाही, तो भाग वेगळा.

एकदा गणिताचे सर स्वतः दुकानावर चौकशीला आले होते. आम्ही लिंबाच्या मागे. काकाजींनी वर न पाहता सांगितलं, "पंक्चर होतं सर, म्या काढलं." यातला एकही शब्द खोटा नव्हता. दुप्पट पैसे कशाचे जायचे, ते मला त्या दिवशी कळलं.

आता काकाजी बाजेवर बसलेले असतात, काम मुलगा करतो. हात तोच. मागच्या शनिवारी पोरीची सायकल नेली. त्याने ट्यूब उजेडात धरली, वडलांकडे पाहिलं, मग मला म्हणाला, "चाळीस." साध्या पंक्चरचे वीस आहेत. पोरगी लिंबाच्या फांद्या मोजत होती. मी चाळीस दिले.

तक्रारी आहेत. ट्यूबलेस काढत नाहीत. हवेचा काटा बिघडलेला आहे, हवा अंगठ्याने दाबून सांगतात. बाजाराच्या दिवशी तासभर बसावं लागतं आणि बसायला एकच उलटं टोपलं आहे, तेही काकाजींच्या ओळखीच्यालाच मिळतं. फोनवरून पैसे द्यायचा कागद चिकटवलाय, पण काकाजी समोर असले तर रोखच लागतात. सुट्टे घेऊन जा. एखादा रुपया कमी पडला तर ते विसरणार नाहीत.