पंपघरातला विद्राव्यतेचा तक्ता: आठ महिन्यांचा अनुभव

द्राक्षबागेच्या खरड छाटणीच्या वेळी (एप्रिलच्या सुमारास) मुलीचा रसायनशास्त्राचा तक्ता, कोणता क्षार पाण्यात विरघळतो हे सांगणारा, पंपघराच्या भिंतीवर लावला, त्याला आता आठ महिने होतील. उभ्या रांगेत कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, पोटॅशियम. आडव्या रांगेत नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट, कार्बोनेट. चौकटीत ‘विद्राव्य’, ‘अल्प’ किंवा ‘अविद्राव्य’. बाग निफाड तालुक्यात, दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षं.

मागच्या हंगामात २०० लिटरच्या ड्रममध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट, प्रत्येकी ५ किलो, एकत्र ओतलं होतं. बघता बघता पाणी ताकासारखं पांढरं झालं. विरघळेल असं वाटून व्हेंच्युरी (ड्रीपच्या पाण्यात खत ओढून घेणारं साधन) सुरू केली आणि टोकाकडच्या लॅटरलचे, म्हणजे ओळीतल्या बारीक नळ्यांचे, ड्रीपर चोंदले. ॲसिड सोडूनही सुटेनात. कार्बोनेट, फॉस्फेट ॲसिडला सुटतं. हा साका जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा होता, तो दाद देत नाही. अर्धे ड्रीपर बदलावे लागले.

तक्ता वापरणं मुलीनेच शिकवलं. दोन्ही खतांच्या जोड्या फोडायच्या, अदलाबदल करायची आणि नव्या जोड्या तक्त्यात बघायच्या. कॅल्शियम नायट्रेट आणि १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट), दोन्हीकडे नायट्रेटच, खुशाल टाका. कॅल्शियम नायट्रेटबरोबर १२:६१:०० (अमोनियम फॉस्फेट) घेतलं की कॅल्शियम फॉस्फेट, अजिबात नको. झिंक सल्फेट आणि ००:५२:३४ (पोटॅशियम फॉस्फेट) एकत्र केलं तर झिंक फॉस्फेट बसतं. चिलेटेड झिंकबद्दल तक्ता गप्प आहे; त्यातलं झिंक ईडीटीए नावाच्या रसायनाने धरून ठेवलेलं असतं, म्हणून ते फॉस्फेटजवळ सहसा टिकतं.

अडतं ते ‘अल्प’ या शब्दावर. एक लिटर पाण्यात जिप्सम साधारण २.४ ग्रॅम मावतं. माझ्या ड्रममध्ये लिटरमागे १७ ग्रॅमच्या आसपास तयार होण्याइतका माल होता. तोच माल २,००० लिटरच्या टाकीत सोडला असता तर १.७ ग्रॅम, म्हणजे साका बसायचं कारण नव्हतं. तक्त्यात दोन्हीला एकच शब्द. पाणी किती, हे आपल्यालाच धरावं लागतं.

दुसरी उणीव बोअरच्या पाण्याची. आमचं पाणी जड, त्यात कॅल्शियम आधीच आहे. श्रावणात नुसतं ००:५२:३४ टाकलं तरी गढूळपणा आला. तेव्हापासून काचेच्या बाटलीत त्याच बोअरचं पाणी, त्याच प्रमाणात खत, अर्धा तास ठेवायचं आणि मागून टॉर्च मारायचा. तळाशी पिठासारखी रेघ दिसली की तो ड्रम भरायचाच नाही. आता कॅल्शियमचा दिवस वेगळा, फॉस्फेट-सल्फेटचा वेगळा, आणि मध्ये साध्या पाण्याने लाईन धुऊन काढतो. ऑक्टोबर छाटणीपासून ड्रीपर एकदाही चोंदलेले नाहीत.

ड्रीपवर खत सोडणाऱ्या प्रत्येकाने हा तक्ता लावावा, पण लॅमिनेट करूनच. पंपघरातल्या ओलीने आमचा कोपरा सुटलाय. नवीन प्रत काढताना कडेला कोरी पट्टी ठेवणार आहे, बाटलीत काय दिसलं ते तारखेसकट लिहायला.