आयर्न ब्रिजवरचा मराठी लेख: आधी दोन स्टार होते, आता चार देईन

इंग्लंडच्या आयर्न ब्रिजवर एका ऑनलाइन ज्ञानकोशात मराठी लेख आहे, त्याचा हा रिव्ह्यू. फुकट मिळतो म्हणून कसाही चालेल असं मला वाटत नाही, कारण बडोद्यात मराठी माध्यमात शिकणारी जी थोडी पोरं उरलीयेत ती प्रोजेक्टसाठी पहिल्यांदा तिथेच जातात, माझा भाचा पण तिथूनच उतरवत होता म्हणून तर माझं लक्ष गेलं. तो लेख कोणालाही बदलता येतो, म्हणून चुका दिसल्या तशा मीच दुरुस्त करत गेलो, दोनाचे चार स्टार झाले ते त्यामुळे.

आधी लेख जेमतेम दीड स्क्रीनचा होता. आणि सुरुवातच अशी की १७७९ साली वाहतुकीला खुला झालेला जगातला पहिला पोलादी पूल. एका वाक्यात दोन चुका! सेव्हर्न नदीवर कमान उभी राहिली ती १७७९ च्या उन्हाळ्यात हे खरं, पण जोडरस्ते वगैरे पूर्ण होऊन लोकांची ये-जा सुरू झाली १ जानेवारी १७८१ ला. आणि पूल पोलादाचा नाहीच, बिडाचा आहे. आता कोणी म्हणेल काय एवढा फरक पडतो, तर सगळा फरक तिथेच पडतो. बिडाचा तवा हातातून पडला की तडकतो, पण त्याच्यावर कितीही वजन ठेवा काही होत नाही, म्हणजे बीड दाब सहन करतं, ताण नाही. म्हणून तर तो पूल कमानीचा आहे, कमानीत बहुतेक सगळा भार दाबाच्या रूपात खाली उतरतो. पोलाद लिहिलं की कमान का हा प्रश्नच पोरांच्या डोक्यात येत नाही, आणि मग लेख वाचून मिळालं काय?

श्रेय पण सगळं अब्राहम डार्बीला देऊन टाकलेलं. मूळ आराखडा थॉमस फार्नोल्स प्रिचर्ड नावाच्या आर्किटेक्टचा, तो बिचारा डिसेंबर १७७७ मध्येच गेला, पूल त्याने पाहिलाच नाही. डार्बी म्हणजे तिसरा अब्राहम डार्बी, कोलब्रुकडेलचा भट्टीवाला, त्याने ओतकाम केलं आणि पूल उभा केला, खर्च अंदाजाच्या खूप वर गेला आणि तो माणूस शेवटपर्यंत कर्जातून बाहेर आला नाही. हे दोघं आता लेखात आपापल्या जागी आहेत.

मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग लेखात अजिबात नव्हता, तो म्हणजे जोडणी. सुमारे ३० मीटरचा गाळा, ३७८ टन बीड, सतराशेच्या आसपास तुकडे, आणि ते जोडलेत सुतारकामाच्या पद्धतीने! एका तुकड्याला भोक, दुसऱ्याचं टोक त्यात आरपार, वरून पाचर ठोकलेली, काही ठिकाणी डव्हटेल, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणारा तुकडा तशाच खाचेत बसवलेला. बिडाचा एवढा मोठा पूल त्याआधी कोणी बांधलाच नव्हता, त्यामुळे लाकडाची जी रीत माहीत होती तीच वापरली. सारखे दिसणारे तुकडे पण मोजले तर काही सेंटीमीटरने वेगळे निघतात, कारण प्रत्येक तुकडा त्याच्या जागेपुरता ओतलेला. आणि हे चढवलं कसं ते तर कितीतरी वर्षं कोणाला नक्की माहीत नव्हतं. १९९७ मध्ये स्टॉकहोममध्ये एलियास मार्टिन या स्वीडिश चित्रकाराचं एक छोटं जलरंगातलं चित्र सापडलं, त्यात पूल अर्धवट उभा आहे, नदीत लाकडी सांगाडा रोवलाय आणि त्याच्या आधाराने बिडाच्या अर्ध्या कमानी वर घेतायत. मग २००१ मध्ये निम्म्या आकाराची प्रतिकृती त्याच पद्धतीने उभारून बघितली, आणि जमलं. हे वाचून भाचा खुर्चीतून उठून कागद-पेन्सिल घेऊन आला.

पण मुळात मी हा लेख हातात घेतला तो देखभालीसाठी. जुलै २०२५ मध्ये बडोद्याजवळच्या पादऱ्याकडचा मही नदीवरचा गंभीरा पूल तुटला, माणसं गेली, पूल फक्त चाळीस वर्षांचा होता. तेव्हापासून पुलाबद्दल काहीही वाचताना मी बघतो की तो टिकवला कसा हे लिहिलंय का. या लेखात एक शब्द नव्हता, बांधला आणि संपलं. खरं तर आयर्न ब्रिजची अर्धी गोष्ट दुरुस्तीची आहे. १७८४ मध्येच एका बाजूच्या दगडी कमानीला भेगा दिसल्या, पुढे तिकडचा दगडी भाग पाडून आधी लाकडी आणि मग १८२० च्या दशकात बिडाच्या कमानी टाकल्या. १७९५ च्या पुरात त्या नदीवरचे इतर पूल मोडले किंवा खिळखिळे झाले, हा शाबूत राहिला, पण दोन्ही काठ मात्र हळूहळू आत सरकत होते. १९३४ मध्ये गाड्या बंद केल्या. १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटचा पट्टा घालून दोन्ही काठांना आतून टेकू दिला. २०१७-१८ मध्ये पुन्हा मोठी दुरुस्ती झाली, राखाडी रंग काढून मूळचा गडद लालसर तपकिरी दिला. एवढं सगळं केलं म्हणून उभा आहे. हा भाग मी नवीन लिहिला आणि तो लेखातला सगळ्यात मोठा भाग आहे, असूच दे.

सर्व्हिसबद्दल सांगायचं तर लेखात बदल करणं सोपं आहे, टिकवणं कठीण. माझा पहिला मोठा बदल कोणीतरी लगेच उलटवला, कारण काय तर आधार दिला नाही. राग आला, पण नियम बरोबर आहे, म्हणून सेंट्रल लायब्ररीत बसून पुस्तकातून एकेक आकडा ताडून परत टाकला, प्रत्येक वाक्यामागे आधार देऊन. तो राहिला. ज्यांना पटकन काम हवंय त्यांना याचा कंटाळा येईल.

पाचातला एक स्टार कापतोय तो फोटोंसाठी. सगळे लांबून काढलेले, पाचर दिसेल असा जवळचा एकही नाही. टोलच्या पाटीचा पण हवा, राजघराण्यालाही सूट नाही असं त्या पाटीवर चक्क लिहिलंय. इंग्लंडला असलेल्या आपल्या बडोदेकरांपैकी कोणी तिकडे गेलं तर स्वतः काढलेले फोटो चढवा, आणि कॅप्शन मराठीत लिहा. इकडे मी भरुचच्या गोल्डन ब्रिजचा लेख उघडलाय, १८८१ चा पूल, आपल्यापासून दीड-दोन तासांवर, आणि त्यातही देखभालीबद्दल एक ओळ नाही.