ज्येष्ठांसाठी मृत्युपत्राची सेवा : गंगापूर रस्त्यावरील एका कार्यालयाचा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर एका वकीलबाईंचे छोटेखानी कार्यालय आहे. ज्येष्ठ नागरिकांची मृत्युपत्रे, बक्षीसपत्रे, वारस नोंदी आणि त्यांना जोडून येणारी कामे त्या प्रामुख्याने पाहतात. माझ्या मावशीचे मृत्युपत्र आम्ही त्यांच्याकडून करून घेतले. वकिलांनी जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम असल्यामुळे त्यांचे नाव येथे लिहीत नाही. मात्र अशा कामात चांगली सेवा कशी असते, हे या अनुभवावरून नेमके सांगता येईल. नाशिकमध्ये नोटप्रेस, एचएएल, शाळा आणि बँकांमधून निवृत्त झालेली मंडळी मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांतील अनेकांचे मृत्युपत्र म्हणजे छापील नमुन्यात नावे भरून घेतलेला कागद असतो.

पहिल्या भेटीत वकीलबाईंनी मावशीला एकटीलाच आत घेतले आणि मला बाहेर बसायला सांगितले. मला ते थोडे लागले, पण त्यामागचे कारण त्यांनी नंतर स्पष्ट केले आणि ते पूर्णपणे पटले. दबावाखाली किंवा फसवणुकीने करून घेतलेले मृत्युपत्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 नुसार रद्दबातल ठरते. आणि मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावरच असते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1959 पासून सांगितले आहे. ज्याला मिळकत मिळणार तोच म्हाताऱ्या माणसाचा हात धरून वकिलाकडे घेऊन येतो, तोच मजकूर सांगतो आणि तोच पैसे देतो, ही त्या परिस्थितीची सर्वांत नेहमीची तऱ्हा. मावशीच्या मृत्युपत्रात मला काहीच मिळणार नव्हते, तरीही त्यांनी नियम मोडला नाही. या एका गोष्टीसाठी मी हे कार्यालय इतरांपेक्षा वर ठेवते.

मावशी निवृत्त शिक्षिका, पतीच्या निधनानंतर एकटी राहते, मूलबाळ नाही. नाशिकरोडचा फ्लॅट तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला आहे. आपल्या पश्चात तो आपल्या बहिणींच्या मुलांकडे आपोआप जाईल, अशी तिची समजूत होती. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 चे कलम 15 वेगळे सांगते. मृत्युपत्र न करता वारलेल्या निपुत्रिक विधवेची स्वकष्टार्जित मिळकत आधी पतीच्या वारसांकडे, म्हणजे दीर, नणंदा आणि त्यांच्या मुलाबाळांकडे जाते. माहेरची माणसे त्यानंतर येतात. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परतते. सासरच्यांनी जिला घराबाहेर काढले होते, अशा एका विधवेच्या स्वतःच्या कमाईबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये, ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणात, कायदा असाच लागू केला. वकीलबाईंनी हे कलम मावशीला वाचून दाखवले, वंशावळीचा कागद पुढे ठेवून कोणत्या नावापर्यंत हक्क पोहोचेल ते पेन्सिलीने खुणा करून दाखवले, आणि मग तिची इच्छा विचारली. एकट्या राहणाऱ्या स्त्रियांपर्यंत ही माहिती पोहोचत नाही, याची मला फार खंत वाटते.

त्यानंतर बक्षीसपत्राचा विषय निघाला. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस द्यायची झाल्यास मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा), आणि या सवलतीपायी अनेक आईवडील हयातीतच घर मुलांच्या नावावर करून मोकळे होतात. मावशीचे भाचे या यादीत बसत नाहीत, त्यामुळे तिला ही सवलत नव्हतीच. तरीही वकीलबाईंनी मुद्दा तिथे सोडला नाही. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येते, बक्षीसपत्राने मात्र मालकी त्याच दिवशी जाते, हा फरक त्यांनी ठसवला. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमातील कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत घेणाऱ्याने ती अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करून घेता येते. पण 2022 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असणे आवश्यक मानले आहे. जानेवारी 2025 मधील निकालात न्यायालयाने या कलमाचा ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला, तरी ज्याला बक्षीसपत्र करायचेच आहे त्याने सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी, असा वकीलबाईंचा आग्रह होता. तो मला अतिशय योग्य वाटला. हस्तांतरण रद्द करण्याचे अर्ज न्यायाधिकरणासमोर, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांकडे चालतात.

बँकेत आणि सोसायटीत नॉमिनी आहे, मग मृत्युपत्र कशाला, हा प्रश्न मावशीनेच विचारला. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, मालकी मृत्युपत्राप्रमाणे आणि ते नसेल तर वारसांकडे जाते. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले आहे. म्हणून नॉमिनीची नावे आणि मृत्युपत्रातील नावे एकमेकांशी जुळवून घेण्याचे काम त्यांनी खाते-दर-खाते केले. बँक खात्याला 1 नोव्हेंबर 2025 पासून चारपर्यंत नॉमिनी देता येतात, तीही सोय वापरली.

सहीच्या दिवसाची व्यवस्था नेटकी होती. मजकूर मोठ्या टायपात छापलेला होता. मावशीने प्रत्येक पान स्वतः वाचले आणि प्रत्येक पानाखाली सही केली. दोन साक्षीदारांपैकी एक तिचे नेहमीचे डॉक्टर होते. ती शुद्धीवर आणि सारासार विचार करण्याच्या स्थितीत आहे, असा दाखला त्यांनी त्याच तारखेचा दिला. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात आणि प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याची सही होताना पाहिलेली असावी किंवा ती आपली असल्याचे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, तसेच साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा तरुण असावेत, कारण पुढे न्यायालयात त्यांनाच उभे राहावे लागते, या सूचना व्यवहारी होत्या. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे आणि ती केव्हाही करता येते, आम्ही केली. नोंदवलेले मृत्युपत्र दुय्यम निबंधकांच्या पुस्तक क्रमांक 3 मध्ये जाते आणि ते करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत तिच्याखेरीज किंवा तिच्या मुखत्याराखेरीज कोणालाही त्याची नक्कल मिळत नाही, हे कळल्यावर मावशीचा उरलासुरला संकोच गेला. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीकडे निबंधकांना घरी बोलावण्याचीही तरतूद आहे. नाशिकमधील मिळकतीसाठी प्रोबेट, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेणे, सक्तीचे नाही, हेही येथे नोंदवते.

आता उणिवा. शुल्क ठरवताना त्यात मसुदा आणि सल्ला एवढेच धरले होते. नोंदणीच्या दिवशी सोबत येण्याचे वेगळे पैसे लागतील हे आम्हाला ऐनवेळी कळले. रक्कम मोठी नव्हती, पण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला सगळा खर्च पहिल्याच भेटीत लेखी मिळायला हवा. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मृत्युपत्र माणसाच्या मरणानंतर उघडते, तर म्हातारपणाची खरी अडचण त्याआधीच्या आजारपणात असते, आणि त्या काळासाठीचे कागद त्यांनी आपणहून सुचवले नाहीत. मला विचारावे लागले. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, ही त्यावरची सोय नाही, कारण देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते भारतीय करार अधिनियमाच्या कलम 201 नुसार संपुष्टात येते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरी हे कागद नेमक्या गरजेच्या वेळी निरुपयोगी होतात, याची कल्पना फार थोड्यांना असते.

उपचारांबाबतचे वैद्यकीय इच्छापत्र मात्र करता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकापेक्षा अधिक विश्वासू व्यक्तींची नावे त्यात देता येतात आणि एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे ठेवता येते. विचारल्यावर वकीलबाईंनी हे कामही नीट करून दिले. त्यांनी ते आपल्या नेहमीच्या प्रश्नावलीतच घ्यावे, असे मी त्यांना सांगितले आहे.

फ्लॅट, ठेवी आणि दागिने असे सरळ चित्र असलेल्या ज्येष्ठांना ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. निफाड-दिंडोरीकडे वडिलोपार्जित द्राक्षबाग किंवा सामाईक सातबारा असलेल्यांनी मात्र महसुली कामाचा अनुभव असलेला वकील सोबत घ्यावा. तिथे हिंदू उत्तराधिकार अधिनियमाची 2005 ची दुरुस्ती आणि तिच्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल यांमुळे मुलींचा हिस्सा, जुने फेरफार आणि तोंडी वाटण्या यांचा गुंता आधी सोडवावा लागतो. मृत्युपत्रात लिहिता येतो तो फक्त स्वतःचा हिस्सा. शुल्क परवडत नसेल तर नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळील (सीबीएस) जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइनही विनामूल्य आहे.